राहीमावशीचं काजळ

दांडी गावात राहीमावशीच्या पायांवर न्हालं नाही असं मूल शोधायला गेलात तर दमाल. मोरीत पाट टाकून ती दोन्ही पाय लांब पसरायची, तान्हं पोर पायांवर पालथं घ्यायची, आणि तिचे ते मासळीच्या खाऱ्या पाण्याने राठ झालेले हात पोराच्या पाठीवरून असे फिरायचे की रडणारं पोर हळूहळू हुंकार द्यायला लागायचं. माझी दोन्ही मुलं तिच्याच हाताखालून गेली. थोरला आता कॉलेजात आहे, पण वाटेत मावशी दिसली की अजूनही मान खाली घालतो, कारण ती चारचौघांत सांगते, "याचं बूड मी धुतलंय."

तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो गेल्यावर तिने दोन कामं धरली. सकाळी बाळंतिणींच्या घरी न्हाऊ घालायचं आणि दुपारी सुके बोंबील, करंदी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायचं. अंगाने किडकिडीत, आवाजाने मोठी. कुणाच्या घरात सासू-सुनेचं वाजलेलं असलं तर ही दारातूनच ओरडायची, "आदी पोराला न्हाऊ दे, मग काय ती मारामारी करा!" आणि लोक गप्प बसायचे.

अंघोळ झाली की बाळाला धुरी, आणि धुरीनंतर काजळ. ते काजळ ती स्वतः करायची. एरंडेलाची पणती लावून तिच्यावर तांब्याची ताटली उपडी घालायची, जमलेली काजळी पिसाने झाडून गाईच्या तुपात खलायची. गावात तिच्या काजळाचं नाव होतं. पण डोळ्यांवर सारा आला, दिसणं अंधुक झालं आणि पणतीपुढे बसणं तिला जड जाऊ लागलं. त्यात उन्हाळ्यात तुपाचं काजळ गालांवर ओघळतं, अशी बायकांची कुरकुर असायचीच.

बोईसरला तिच्या मासळीच्या टोपलीपासून जवळच एक माणूस चादर पसरून बसायचा. अंगठ्या, गंडे, जडीबुटी, आणि छोट्या कागदी पुड्यांत सुरमा. काळा, बारीक, उन्हात धरला तर चांदीसारखा चमकणारा. "अम्मा, इससे आँख ठंडी रहती है, नजर भी नहीं लगती," असं तो म्हणाला. मावशीने चिमूटभर आपल्या काजळात घालून बघितलं. काजळ घट्ट झालं, गडद झालं, ओघळेना. बाळाचे डोळे असे उठून दिसू लागले की बायका विचारायला लागल्या, "मावशे, यात काय घातलंस गं?" मावशी हसायची. सांगायची नाही. तिच्या आयुष्यात कौतुक फारसं कुणी केलेलं नव्हतं. हे एक होतं, ते तिने जपलं.

तिला एकच लेक, दीपा. ती बोईसरला दिलेली. जावई धीरज एका बॅटरीच्या दुकानात कामाला होता. रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या तिथे उघडायचे, दुरुस्त करायचे. शांत पोरगा. सासूशी बोलताना नजर जमिनीकडे. दीपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, नाव ठेवलं हेतल. मावशीने नातीला चार महिने न्हाऊ घातलं, आणि लेक परत निघाली तेव्हा तिच्या पिशवीत काजळाची डबी दिली. "रोज घाल. कंटाळा करू नको."

हेतल दहा महिन्यांची होईपर्यंत सगळं ठीक वाटत होतं. धरून उभी राहायची, "बा बा" म्हणायची. मग तिचं खाणं सुटलं. पोट कडक व्हायचं, शी व्हायची नाही, दिवसभर किरकिर. दीपाने जवळच्या दवाखान्यात नेलं. दात येत असतील, जंत असतील, असं म्हणून औषध मिळालं. पोर पांढरीफटक पडत गेली. उभी राहायची ती बसूनच राहायला लागली. "बा बा" म्हणणं थांबलं, ते आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि एका सकाळी दीपा तिला पेज भरवत असताना हेतलचे डोळे वर गेले, हात आखडले, तोंडातून फेस आला.

पालघरच्या इस्पितळात सावे डॉक्टर म्हणून लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी झटके थांबवले, रक्त बघितलं, आणि धीरजला विचारलं, "तुम्ही काय काम करता?" त्याने सांगितलं. डॉक्टरांनी रक्ताचा आणखी एक नमुना मुंबईला पाठवला. उत्तर आलं तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"मुलीच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे. शिसं म्हणजे तो जड धातू, बॅटरीत असतो तो. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात तो जास्त शोषला जातो, आणि थेट मेंदूवर जातो. रक्त कमी होतं, पोट दुखतं, मूल शिकलेलं विसरतं. झटके त्याचेच."

पुढे त्यांनी घरातल्या सगळ्या गोष्टी विचारल्या. पाणी कुठलं, भांडी कसली, भिंतीचा रंग सुटतो का, गावठी औषध देता का, डोळ्यांत काही घालता का.

"काजळ," दीपा म्हणाली. "पण ते घरचं. आये करते, तुपाचं."

"घरचं असलं तरी बंद करा. डोळ्यांत काहीच घालायचं नाही. आणि तुम्ही," त्या धीरजकडे वळल्या, "कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत. तुमचंही रक्त तपासू."

राहीमावशी दाराशी उभी होती. तिला एवढंच ऐकू आलं की शिसं बॅटरीत असतं. बाहेरच्या पॅसेजमध्ये तिने जावयाला गाठलं. मी मावशीची शेजारीण, तेव्हा डबा घेऊन गेले होते, सगळं माझ्या समोर झालं.

"तुमी इख आणलंत घरात," ती म्हणाली. ओरडली नाही, हेच वाईट. "माज्या नातीला तुमी इख चारलंत."

धीरजने वर बघितलं नाही. आपल्याच तळहातांकडे बघत राहिला. बॅटरीच्या पाण्याने जळालेले डाग होते त्यावर.

औषधाने हेतलच्या अंगातलं शिसं उतरायला लागलं. निम्म्याखाली आलं तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडलं. पण घरी म्हणजे कुठे? मावशीने ठरवून टाकलं होतं. "त्या खोलीत पोर पाय ठेवणार नाय. दांडीला येईल." दीपा थकली होती, घाबरली होती, आईच्या मागे निघाली. धीरजने ते काम सोडलं, एका गोदामात खोकी उचलायला लागला. तरी मावशीचं मन हललं नाही. दर रविवारी तो दांडीला यायचा, अंगणात उभा राहायचा. घासून अंघोळ केलेली, धुतलेला शर्ट. मावशी उंबऱ्यावर बसलेली असायची.

"लांबूनच बगा. आता कुठं पोर सावरतेय."

तो लांबूनच बघायचा. एकदा हेतलने त्याच्याकडे हात पसरले, तेव्हा मावशीने तिला उचलून आत नेलं. तो बराच वेळ तिथेच उभा होता, मग चालत रस्त्याला लागला.

आणि आत नेऊन मावशी काय करत होती, ते तेव्हा आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं. दीपाला डॉक्टरांचा शब्द आठवत होता, तिने काजळाला हात लावला नव्हता. पण मावशीच्या मते डॉक्टरबाई शिकलेली असली तरी तिला नजर लागणं काय ते कळत नव्हतं. इस्पितळातून उठून आलेलं लेकरू, सगळं गाव बघायला येतंय, आणि त्याच्या कपाळाला साधी तीट नाही? लेक विहिरीवर गेली की मावशी डबी काढायची. डोळ्यांत बारीकशी रेघ ओढायची, कानामागे, तळपायाला, बेंबीजवळ ठिपका लावायची. दीपा परतायच्या आत डोळे, ठिपके सगळं पदराने पुसून घ्यायची. पुसलं तरी पापणीच्या मुळाशी थोडं राहतंच. पोर डोळे चोळायची आणि बोटं तोंडात घालायची. आधीपेक्षा जास्तच लावलं गेलं, कारण आधीपेक्षा भीती जास्त होती.

दुपारची वेळ होती. मी बाहेर बोंबील उलटवत होते. दीपाची किंकाळी आली ती अशी, की हातातली टोपली तिथेच टाकून मी धावले. हेतल चटईवर होती. सगळं अंग ताठ, मग हिसके, मग परत ताठ. ओठ निळे. मागच्या वेळी झटका थांबून मग परत यायचा म्हणतात. या वेळी थांबेना.

माझा दीर मासळीचा टेम्पो चालवतो. मागे बर्फाची खोकी तशीच होती, त्यांच्यामध्ये आम्ही बसलो. दीपाच्या मांडीवर पोर, तिला कुशीवर धरून मी, आणि समोर राहीमावशी, दोन्ही हातांनी फळी धरलेली. एमआयडीसीच्या रस्त्याला टँकरांची रांग लागली होती. दीर हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आला. एक टँकरवाला खिडकीतून ओरडला, "क्या हुआ?" दिराने ओरडून सांगितलं, "बच्ची है, बच्ची!" तो खाली उतरला आणि पुढचे दोन टँकर स्वतः हाताने इशारे करून बाजूला घ्यायला लावले. बोईसर सुटलं, उमरोळी आली. हेतलचे हिसके कमी झाले, आणि त्याचंच आम्हाला जास्त भय वाटलं. दीपा तिच्या नाकाशी गाल धरून बसली होती, श्वास लागतोय का बघत.

राहीमावशी सारखी म्हणत होती, "तो आला होता. रविवारी आला होता. त्याच्याच कपड्याचं आलं."

पालघरला पोचल्यावर पोरीला आत घेतलं. नाकाला नळी, हाताला सुई. दीपाने फोन केला होता, धीरज गोदामातून तसाच आला होता, चप्पल एकाच पायात. त्याला बघून मावशी उठली, पण नर्सने तिला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सावे डॉक्टर बाहेर आल्या. झोपलेल्या नव्हत्या, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांना एका बाजूला घेतलं.

"आकडा परत वर गेलाय. पहिल्यापेक्षाही वर. मेंदूला सूज आहे. औषध सुरू केलंय. पण मला एक सांगा, मुलगी कुठे होती इतके दिवस?"

"माज्याकडं," मावशी म्हणाली. "दांडीला. पण बाप येत होता तिचा."

"त्यांनी तिला घेतलं होतं? हात लावला होता?"

दीपाच म्हणाली, "नाही. लावू दिला नाही आम्ही."

डॉक्टरांनी हातातले कागद चाळले. "बाबांच्या रक्तात थोडं शिसं आहे, कामामुळे. पण मुलीच्या मानाने ते काहीच नाही. जो माणूस दिवसभर बॅटऱ्या उघडत होता त्याच्यात एवढं कमी, आणि जिला त्याने हात लावला नाही तिच्यात एवढं जास्त, हे जुळत नाही. हे त्यांच्याकडून आलेलं नाही. तुमच्या दांडीच्या घरात काहीतरी आहे."

धीरजने भिंतीला हात टेकला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आम्ही सगळेच त्याला गुन्हेगार धरून बसलो होतो.

डॉक्टर पुन्हा तेच विचारायला लागल्या. पाणी, हळद, मसाला, भांडी, खेळणी. दीपा एकेकाला नाही म्हणून मान हलवत होती. "काजळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, बाई. तुम्ही सांगितल्यापासून शिवलेसुद्धा नाही. शपथ."

"बघा, घाई करून सांगते, कारण वेळ नाही. मी औषध देऊन शिसं बाहेर काढीन. ते जिथून येतंय ती वस्तू सापडली नाही, तर ते परत आत जाईल. तिसऱ्या वेळेला मी तिला परत आणू शकेन की नाही, मला माहीत नाही."

त्या जायला वळल्या. राहीमावशी माझ्या शेजारीच होती. नंतर तिने मला सांगितलं, त्या घटकेला तिला वाटलं, गप्प राहिलं तर कुणाला कळणार नाय. घरी जाऊन डबी खाडीत टाकावी, पोर बरी होईल, आणि कायमचं मिटेल. तिने कनवटीला हात लावला. डबी तिथेच होती, गडबडीत तशीच आलेली.

"डाक्टरबाई." तिचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "हे बगा. मी घालत होते. दीपाला ठाव नाय."

डॉक्टर परत आल्या. डबी उघडली, बोटावर थोडं घेतलं, खिडकीशी धरलं. बोट हललं तसं ते चमकलं.

"हे नुसत्या तुपाचं नाही, आजी. यात काय आहे?"

"सुरमा. बोईसरच्या बाजारातला."

"किती वर्षं घालताय?"

"दोनेक वर्सं."

डॉक्टरांनी डबी बंद केली. रागावल्या नाहीत. एका पिशवीत घालून तिच्यावर काहीतरी लिहिलं. "मुंबईला पाठवते. पण मला वाटतं आपल्याला सापडलं. सुरम्याचा चमकणारा दगड पुष्कळदा शिशाचाच असतो. सगळाच असतो असं नाही, पण डोळ्याने बघून ते कुणालाच ओळखता येत नाही. मलाही नाही."

दीपा आईकडे बघत होती. आता ती किंचाळेल, असं मला वाटलं. ती अगदी हळू म्हणाली, "आये, तू बाहेर जा. माझ्यासमोर थांबू नको."

मावशी गेली. बाहेर बाकावर धीरज बसला होता. ती बाकावर बसली नाही, त्याच्या पायांशी फरशीवर बसली. जावयासमोर ती कधी अशी बसली नव्हती.

"जावई, मी केलं. तुमी नाय. मी."

धीरजचं तोंड वेडंवाकडं झालं. "माझी पोर हात पसरत होती," तो म्हणाला, "आणि मी अंगणात उभा." तो उठून जिन्याकडे गेला. ती तिथेच बसून राहिली; येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते.

मुंबईहून उत्तर आलं ते डॉक्टरांना वाटलं होतं तेच. डबीतल्या त्या काळ्यात शिसं भरलेलं होतं. तोवर हेतल शुद्धीवर आली होती, पण नजर स्थिर नव्हती, आणि मान धरायची म्हटली तर डुलायची. सावे डॉक्टरांनी मावशीला बोलावून घेतलं. "आजी, हे काजळ आणखी कुणाच्या मुलांना लावलंत?"

मावशीने डोळे मिटले, बोटांवर मोजायला लागली. या बोटाचं घर, त्या बोटाचं घर. पहिला हात संपला, दुसऱ्यावरची चार बोटं झाली.

"आमच्या आरोग्यसेविका जातील घरोघर," डॉक्टर म्हणाल्या.

"जातील. पण त्यांना दारातूनच चहा पाजून वाटेला लावतील," मावशी म्हणाली. "मीच जाते. मीच घातलंय."

बहुतेक घरांत जे व्हायचं तेच झालं. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. एकीने पाण्याचा तांब्या पुढे केला होता तो परत घेतला. पण पोरांना घेऊन त्या दुसऱ्या दिवशी पालघरला गेल्या, आणि मावशीला तेवढंच हवं होतं. अडलं ते ठकीच्या दारात.

ठकी म्हणजे आमच्या आळीतली करारी बाई. तिची सून सुलू, आणि सुलूचा मुलगा रूपेश, वर्ष-सव्वा वर्षाचा. गुटगुटीत, अंगणात कोंबड्यांमागे रांगणारा. डोळ्यांत मावशीचंच काजळ, सुलू रोज घालायची. मावशीने सांगितलं तसं ठकी हसली.

"माजं पोर बग. याला काय झालंय? हत्तीवानी हाय. तुजी नात आजारी पडली म्हणून गावाला भ्या घालते होय?"

"ठकीबाय, बाहेरून कळत नाय. आमच्या हेतलचंबी आदी कळलं नाय. रक्त तपासून घे."

"एवढ्याशा पोराच्या हाताला सुई टोचू? आमच्या सासूच्या सासूनं काजळ घातलं, मी घातलं. कुणाचं डोकं फिरलं?"

"त्यांच्या काजळात सुरमा नव्हता. माज्यात हाय."

"मग तू हो गुन्हेगार! आमच्या दारात कशाला येते?" ठकीने दार लोटलं. आतून सुलूचा आवाज आला, "आत्या, एकदा नेऊन बघू या ना," आणि त्यावर ठकीचा, "तू गप."

तीन वेळा मावशी गेली. तिसऱ्यांदा ठकीने तिच्या अंगावर घाण पाणी फेकलं. मावशी भिजलेल्या लुगड्याने घरी आली, ओट्यावर बसली, आणि मला म्हणाली, "ते पोर मरंल गं. आणि ते बी माज्या हातानं."

चौथ्यांदा ती गेली तेव्हा बरोबर धीरज होता. त्याने स्वतःहून विचारलं होतं, मी ऐकलं. इस्पितळाच्या फाटकाशी तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "आई, त्या बाईकडे मी येऊ का?" झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. दोघं एसटीने दांडीला आले.

ठकी दारातच होती. धीरजने हात जोडले नाहीत, की समजावलं नाही. त्याने मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. हेतलचे दोन व्हिडिओ होते. पहिल्यात ती पलंगाला टेकून उभी होती, टाळ्या पिटत "बा बा" म्हणत होती. दुसरा कालचा होता. नाकात नळी, डोळे कुठेतरी छताकडे, आणि दीपाचा आवाज येतोय, "हेतल, बघ, इकडे बघ," आणि ती बघत नाही.

"दोन्ही माझीच," तो म्हणाला. "आधी तीही अशीच होती. तुमच्या रूपेशसारखी."

ठकी त्या मोबाइलकडे बघत राहिली. तिने पहिला व्हिडिओ परत लावायला सांगितला. तेवढ्यात सुलू मागून बाहेर आली. रूपेश तिच्या कडेवर होता, पायात चपला होत्या, पिशवी खांद्याला होती. "आत्या, मी जातेय," ती म्हणाली. ठकी बाजूला झाली.

रूपेशच्या रक्तात शिसं निघालं. हेतलएवढं नाही, पण डॉक्टरांनी औषध सुरू करावं एवढं. आणखी दोन मुलांत थोडं निघालं, त्यांना लोहाचं औषध, रोज दूध, आणि काजळ बंद करणं, एवढ्यावर भागलं. बाकीची सुटली. ठकी राहीमावशीशी अजून बोलत नाही. पण रूपेशच्या तपासणीची तारीख ती विसरत नाही, सुनेच्या आधी तयार होऊन बसते.

मध्यंतरी मावशी बोईसरच्या त्या सुरमेवाल्याकडे गेली होती. भांडायचंच म्हणून मला सोबत नेलं. तिने सगळं सांगितलं, मराठीत, हातवारे करत. तो ऐकत होता. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत तोच सुरमा होता.

"अम्मा, मैं तो खुद लगाता हूँ," तो म्हणाला. "मेरी पोती को भी लगाता हूँ."

मावशीला भांडायचं होतं ते राहिलंच. "नका लावू," ती म्हणाली. "बच्ची को मत लगाव. डाक्टर के पास ले जाव. पालघर." तिने त्याचा हात धरून दोन-तीनदा सांगितलं. डॉक्टरांनी कळवल्यावर अन्न-औषधवाले आले, तोवर त्याने चादर गुंडाळलेली होती. कुणी म्हणतं तो वाणगावच्या बाजारात दिसला, कुणी म्हणतं गावी गेला. त्याने नातीला दवाखान्यात नेलं का, ते कळायला मार्ग नाही. मावशी वाणगावला दोनदा जाऊन शोधून आली.

हेतल आता तीन वर्षांची होईल. चालते. डावा पाय किंचित ओढते, पण चालते. दोन शब्द जोडून बोलते, तिच्या वयाची मुलं गोष्टी सांगतात. आठवड्यातून एकदा धीरज तिला पालघरला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेतो. दीपा बोईसरला परत गेली. आईला तिने माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. सणाला येते, आईच्या हातचं जेवते, पण हेतलला अंघोळ स्वतः घालते.

मागच्या तपासणीला मीही गेले होते. रक्तातला आकडा बराच खाली आलाय. दीपाने विचारलं, "बाई, आता पूर्ण बरी होईल ना?"

सावे डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "रक्तातलं शिसं आपण काढू शकलो. मेंदूला जे झालं त्यातलं किती भरून येईल, ते शाळेत गेल्यावर कळेल. आज होय म्हणाले तर ते खोटं होईल."

राहीमावशी ऐकत होती. तिने मान डोलावली.

पुष्कळांना वाटलं होतं, आता तिला कुणी बोलावणार नाही. सहा-सात महिने बोलावलंही नाही. मग एका घरी मुलगा झाला, दुसरी न्हाऊ घालणारी मिळेना, आणि ती परत मोरीतल्या पाटावर बसली. आता ती काम धरतानाच सांगते. अंघोळ घालीन, तेल लावीन, शेक देईन, डोळ्यांत काय घालणार नाय, आणि तुमालाबी घालू देणार नाय. बाजारातलं नाय आन घरचंबी नाय. परवाच त्या घरच्या आजीने कौतुकाने काजळाची चांदीची डबी बाहेर काढली, तेव्हा मावशीने ओलं पोर टॉवेलात गुंडाळून आपल्या छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "आदी ती डबी आत ठेव. मग देते पोर."

आजी चिडली, शेजारणी जमल्या, मावशी पाटावरून उठली नाही.